बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास: लॅबची व्हीओसी टेस्ट आणि दोन टाक्यांचा कार्बन फिल्टर, आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, लॅब, फिल्टरवाला, पेट्रोल पंप यांतलं एकही नाव इथे लिहिणार नाहीये. सोसायटीची तक्रार अजून चालू आहे आणि पाण्यात हे कुठून आलं ते कागदावर सिद्ध झालेलं नाही. पण व्हीओसी, म्हणजे पेट्रोलमधल्यासारख्या सहज हवेत उडणाऱ्या द्रव्यांची टेस्ट कशी करून घ्यायची, फिल्टर घेताना काय विचारायचं, पैसे किती गेले आणि कुठे फसायला होतं हे सगळं लिहिते, कारण आम्हाला हे सांगणारं कोणी भेटलं नाही आणि त्यात आमचे तीन महिने वाया गेले. तीन महिने लहान मुलं त्या पाण्याने आंघोळ करत होती, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

आम्ही नाशिकच्या बाहेरच्या बाजूला राहतो, २४ फ्लॅटची सोसायटी. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी आंघोळ, कपडे, भांडी सगळं बोअरवर. गेल्या जुलैत माझ्या सासूबाई एकदा बाथरूममधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अगं बादलीतून घासलेटसारखा वास येतोय. मी जाऊन बघितलं तर गार पाण्याला काहीच नाही. गीझरचा नळ सोडला, वाफ वर आली आणि मग कळलं. घासलेट नाही, पेट्रोल पंपावर गाडीत तेल भरताना येतो ना, तसला गोडसर वास. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं गीझरच बिघडलाय, आम्ही तर मेकॅनिकला बोलावलंय उद्या.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. आरओवाल्याला बोलावलं. (काही घरांत बोअरचंच पाणी आरओ लावून पितात, तिथूनच सुरुवात झाली.) त्याने खिशातून टीडीएस मीटर काढला, ग्लासात बुडवला, ६० दाखवलं आणि म्हणाला ताई, पाणी एकदम टॉप आहे. कार्ट्रिज बदलली, पैसे घेतले, गेला. आरओच्या पाण्याचा वास खरंच गेला आणि आम्ही निवांत झालो. पंधरा दिवसांनी परत आला.

असं का झालं हे मला फार उशिरा समजलं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षाराचा अंदाज सांगतो. बेन्झीन, टोल्युइन, झायलीन ही जी पेट्रोलमधली द्रव्यं आहेत त्यांना विद्युतभारच नाही, मीटरला ती दिसतच नाहीत, विषाइतकी असली तरी आकडा ६० चा ६०. आरओचा पडदा मीठ छान अडवतो पण हे छोटे, भार नसलेले रेणू बऱ्यापैकी पलीकडे जातात. यूव्हीचा तर संबंधच नाही, तो जंतूंसाठी. घरगुती आरओमध्ये जो थोडासा कार्बन असतो तोच काय ते काम करतो आणि तो मूठभर कार्बन पंधरा दिवसांत भरून गेला. कोणी म्हणेल उकळून घ्या. उकळल्यावर ही द्रव्यं पाण्यातून जातात हे खरं, पण जातात ती तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत, आणि गॅसजवळ जी बाई उभी असते ती तेच श्वासात घेते. गरम पाण्याच्या आंघोळीचंही तेच. आम्ही पीत नाही ना, मग काय होतंय, असं आमच्या मीटिंगमध्ये तिघांनी म्हटलं. बंद बाथरूममध्ये वाफेतून ते नाकात जातं आणि थोडं कातडीतूनही जातं, त्यामुळे पीत नाही एवढ्याने सुटका होत नाही.

आता पहिली लॅब. जवळचीच, रिपोर्ट दोन दिवसांत. त्यांनी सांगितलं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आणा, आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीत नेऊन दिलं, तेही स्कूटरला पिशवीत अडकवून भर दुपारी. रिपोर्ट आला: पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म, सगळं ठीक, खाली शिक्का की पाणी पिण्यास योग्य. १८०० रुपये. तो कागद नोटीस बोर्डावर लागला आणि वास येतो म्हणणारे आम्ही सगळे खोटे ठरलो. लॅबने खोटं काही लिहिलं नव्हतं, आम्ही जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पण समोर बसलेल्या माणसाला मी तोंडाने सांगितलं होतं की पेट्रोलचा वास येतो, तेव्हा त्याने एवढं तरी म्हणायला हवं होतं की मॅडम, ही टेस्ट त्याच्यासाठी नाही. तो राग माझा आजही गेलेला नाही.

यावरून एक जुनं प्रकरण सांगते, मी नंतर वाचलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये कॅम्प लेजून म्हणून मरीन सैनिकांचा तळ आहे. तिथल्या पाण्यात १९५३ ते १९८७ एवढा काळ ट्रायक्लोरोइथिलीन, पर्क्लोरोइथिलीन, बेन्झीन असली द्रव्यं होती. सैनिक, त्यांच्या बायका, मुलं सगळे तेच पाणी पीत होते. १९८० च्या सुमारास लॅब तिथे वेगळ्याच कामाला गेली होती, क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणारी ट्रायहॅलोमिथेन्स मोजायला, आणि मोजताना मध्येच दुसऱ्या सॉल्व्हंटच्या (ग्रीस, डाग विरघळवणाऱ्या द्रवांच्या) खुणा येऊन मोजमाप बिघडायला लागलं, तेव्हा कुठे कळलं की पाण्यात भलतंच काहीतरी आहे. तरी खराब विहिरी बंद व्हायला १९८४-८५ उजाडलं. त्या कुटुंबांना भरपाईसाठी कोर्टात जाता यावं म्हणून २०२२ मध्ये कायदा करावा लागला. हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती, कारण आमच्या बोर्डावर तो शिक्क्याचा कागद तसाच लटकत होता.

दुसरी लॅब शोधायला मेहनत घेतली. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो आहे म्हणजे सगळं आलं असं नसतं. प्रत्येक लॅबचा एक स्कोप असतो, कुठल्या वस्तूत काय काय मोजायला मान्यता आहे त्याची यादी, ती मागता येते आणि एनएबीएलच्या साइटवर बघताही येते. त्यात पाणी आणि त्याखाली बेन्झीन, टोल्युइन वगैरे नावं आहेत का ते बघायचं. मी पाच ठिकाणी फोन केले, तीन जणांनी व्हीओसी म्हणजे काय हेच परत विचारलं, एक जण हवेतलं मोजतो म्हणाला. पाचव्या ठिकाणी फोनवरच्या मॅडमनी उलट मलाच प्रश्न विचारले: बोअर किती फूट, जवळ पंप किंवा कारखाना आहे का, टाकीत क्लोरीन टाकता का, वास गार पाण्याला येतो का गरम. आणि वर म्हणाल्या, सॅम्पल तुम्ही आणू नका, आमचा मुलगा येईल. तिथेच मला धीर आला.

तो मुलगा बाइकवर आला, मागे थर्माकोलचा बर्फाचा डबा बांधलेला. येताना पेट्रोल भरलं नव्हतं त्याने, आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं, कारण हाताला किंवा कपड्याला पेट्रोल लागलेलं असेल तर तेच सॅम्पलमध्ये उतरू शकतं. मी हाताला सॅनिटायझर लावत होते तर म्हणाला काकू, जरा लांब उभ्या राहा ना प्लीज. बोअरच्या तोंडाजवळचा नळ दहा मिनिटं सोडून ठेवला, पाइपात साचलेलं पाणी जाऊ दिलं, नळाच्या तोंडाची जाळी काढली, मग धार अगदी बारीक केली, फेस नको म्हणून. त्याच्याकडे चाळीस मिलीच्या काचेच्या तपकिरी कुप्या होत्या, आत आधीच दोन-तीन थेंब आम्ल टाकलेलं, कारण पाण्यातले जिवाणू हे बेन्झीन खातात आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा कमी होतो. कुपी तिरकी धरून काठावरून पाणी सोडलं, भरत आलं तशी सरळ केली, आणि शेवटी थेंब थेंब टाकून पाणी काठाच्या वर घुमटासारखं फुगवलं, मग झाकण अलगद सरकवून फिरवलं. कुपी उलटी केली, बोटाने टिचकी मारली आणि उजेडात धरली. आत साबुदाण्याएवढा एक बुडबुडा वर गेला. त्याने ती कुपी बाजूला टाकली आणि नवीन घेतली. मी म्हटलं एवढ्याशा बुडबुड्याने काय होतंय रे, तर म्हणाला काकू, आपल्याला जे मोजायचंय तेच पाण्यातून त्या हवेत जाऊन बसतं. आमची ती प्लॅस्टिकची अर्धी भरलेली बाटली, स्कूटरवर, उन्हात, हिंदकळत नेलेली, ती आठवली. त्या बाटलीत लॅबने हे शोधलं असतं तरी फारसं सापडलं नसतं.

डब्यात एक कुपी आधीपासून भरलेली होती, लॅबमधलं शुद्ध पाणी, सीलबंद. ती उघडायचीच नाही, फक्त सॅम्पलबरोबर फिरवून परत न्यायची. तिच्यात जर काही सापडलं तर समजायचं की वाटेत बाहेरून शिरलं. तिचेही अर्धे पैसे लावतात आणि कमिटीत त्यावर कटकट झाली, पण माझ्या मते तो खर्च सोडू नका.

त्याच्याकडे एक हातात धरायचा पीआयडी मीटरही होता, हवेतली असली उडणारी द्रव्यं एकत्र मोजणारा. काचेची बरणी अर्धी पाण्याने भरून, झाकण लावून दहा मिनिटं उन्हात ठेवली, हलवली, झाकण किंचित उघडून मीटरची नळी आत घातली. बोअरच्या पाण्यावर १२ पीपीएम, बाटलीबंद पाण्यावर शून्य. हा मीटर कुठलं द्रव्य आहे ते सांगत नाही, दमट हवेने फसूही शकतो, पण जागेवर दोन मिनिटांत कळतं की काहीतरी आहे, आणि कमिटीच्या चेअरमनसमोर तो आकडा वर चढताना दिसला ना, त्यानंतर कोणी आम्हाला खोटं म्हटलं नाही.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. बेन्झीन ३८, टोल्युइन ११२, इथाइलबेन्झीन २१, झायलीन सगळे मिळून १४०, हे सगळं मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी बेन्झीनची मर्यादा १० आहे, अमेरिकेत ५. टोल्युइनची ७००, झायलीनची ५००, इथाइलबेन्झीनची ३००, म्हणजे ती तिन्ही मर्यादेच्या बरीच आत, पण बेन्झीन जवळजवळ चौपट. आणि बेन्झीन म्हणजे माणसात कॅन्सर करतं असं पक्कं ठरलेलं द्रव्य आहे, रक्ताचा कॅन्सर, हाडातल्या मगजावर परिणाम.

दहा म्हणजे किती ते मी घरच्यांना असं समजावलं. दहा हजार लिटरचा टँकर घ्या, त्यात बेन्झीनचे दोन-अडीच थेंब पडले की मर्यादा गाठली. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं, म्हणजे त्या टँकरला दोन चमचे पेट्रोल पुरे. जमिनीखालच्या टाकीतून रोज वाटीभर झिरपत असेल तर काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आणि ज्या गोष्टीने मी खरी हादरले ती ही, की आम्हाला जो वास येत होता तो बहुतेक बेन्झीनचा नव्हताच. इथाइलबेन्झीन, टोल्युइन, झायलीन यांचा वास फार थोड्या प्रमाणातही नाकाला कळतो. बेन्झीनचा वास पाण्यात कळायला मर्यादेच्या शेकडो पट बेन्झीन लागतं. म्हणजे ज्याचा वास येतो ते त्या मानाने कमी धोक्याचं आणि ज्याचा धोका आहे त्याचा वास नाही. वास गेला म्हणून आम्ही निवांत झालो होतो ना आरओवाल्याच्या वेळी, तेव्हा बेन्झीन गेलं होतं का नाही हे आम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता.

मी रिपोर्ट घ्यायला स्वतः लॅबमध्ये गेले होते. मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. पाण्यातून हेलियमचे बुडबुडे सोडतात, त्याबरोबर ही उडणारी द्रव्यं वर येतात, एका छोट्या नळीत अडकतात, मग ती नळी तापवून सगळं एकदम जीसी-एमएस मशीनमध्ये (द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या मशीनमध्ये) ढकलतात. मशीनमधल्या लांब बारीक नळीतून प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं. स्क्रीनवर आधी बेन्झीनचा सुळका, मग टोल्युइन, मग इथाइलबेन्झीन, मग एक जाड सुळका आणि शेवटी एक बारका. जाड का, तर म्हणाल्या झायलीनचे तीन भाऊ आहेत, त्यातले दोघे एकत्रच बाहेर पडतात, वेगळे करता येत नाहीत, तिसरा मागून एकटा येतो. त्यांनी साठेक द्रव्यांची यादी तपासली होती. ट्रायक्लोरोइथिलीन वगैरे काही सापडलं नाही, ते सापडलं असतं तर कारखान्यातलं ग्रीस धुणं किंवा ड्रायक्लीनिंग असा संशय घेतला असता. ही चौकडी एकत्र दिसली म्हणजे पेट्रोलकडे बोट जातं, पण कुणाच्या पेट्रोलकडे ते मशीन सांगत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मला त्यांचा हा सरळपणा फार आवडला. एका सॅम्पलचे ७००० रुपये लागले आणि ते मला महाग वाटले नाहीत. लॅबला पाचपैकी पाच.

आमच्याकडचा खडक काळा पाषाण, बेसाल्ट. पाणी वाळूतून पाझरावं तसं सगळीकडून सारखं पसरत नाही, भेगा-सांध्यांतून वाट काढतं. म्हणून शेजारच्या बंगल्याची बोअर आमच्यापासून साठ-सत्तर फुटांवर असून त्यांच्या पाण्यात काही नाही, आणि त्यांना ते बघून वाटलं आम्ही उगाच बोंब मारतोय. पेट्रोल पाण्याहून हलकं, भूजलाच्या वर तरंगतं, त्यामुळे उथळ विहिरींना आधी लागतं. आमच्या आवारातली जुनी चाळीस फुटी विहीर आता जाळी मारून बंद केली आहे, तिचं पाणी झाडांनाही घालत नाही. पाणी वर चढलं की खडकाला चिकटलेलं पेट्रोल परत पाण्यात येतं, म्हणून जुलैत वास आला असावा. २०२३ च्या पावसाळ्यात गोव्यात दाबोळीच्या बाजूला विहिरींत इंधन उतरल्याच्या बातम्या होत्या, त्या तेव्हा मी वाचून सोडून दिल्या होत्या.

आता फिल्टर. दोन मार्ग होते. एक म्हणजे पाणी उंच टाकीत वरून शिंपडायचं आणि खालून हवा मारायची, ही द्रव्यं हवेत उडून जातात. मोठ्या प्रकल्पात हे करतात आणि चांगलं चालतं. आमच्या प्लंबरदादांनी त्याचाच घरगुती प्रकार सुचवला, संपमध्ये शॉवर लावून पाणी सोडायचं. करून बघितलं, बेन्झीन ३८ वरून २१ वर आलं, म्हणजे फरक पडला पण पुरेसा नाही. पूर्ण टॉवर लावायचा तर ब्लोअरचा रात्रंदिवस आवाज, शिवाय आमचं पाणी कठीण, हवा लागली की चुन्याचा थर धरतो आणि टॉवरमधलं भरण दगडासारखं होतं. आणि ती हवा जाणार कुठे, तर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत. ते सोडलं.

दुसरा मार्ग कार्बन, नारळाच्या कवटीचा. त्याची छिद्रं इतकी बारीक की एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे! ती द्रव्यं त्या छिद्रांत जाऊन चिकटतात. पण चिकटायला वेळ लागतो, आणि सगळे विक्रेते नेमके इथेच हात मारतात. पहिल्या कोटेशनमध्ये एकच टाकी होती, साठ लिटर कार्बनची. आमचा प्रवाह तासाला १५०० लिटर, म्हणजे मिनिटाला २५. साठला पंचवीसने भागा, पाणी कार्बनमध्ये अडीच मिनिटंसुद्धा थांबत नाही. क्लोरीनचा वास घालवायला तेवढं चालतं, ह्याला दहा मिनिटं तरी पाहिजेत असं लॅबच्या मॅडमनी सांगितलं होतं, म्हणजे अडीचशे लिटर कार्बन. मी त्या विक्रेत्याला हा हिशोब विचारला तर म्हणाला मॅडम, आम्ही शंभर सोसायट्यांना लावलेत. हिशोब शेवटपर्यंत दिला नाही.

दुसऱ्याने हिशोब दिला म्हणून त्याच्याकडून घेतलं. आधी वाळूचा फिल्टर, मग अडीचशे लिटर कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक, त्यानंतर क्लोरीनचा डोस, मग गच्चीवरची टाकी. क्लोरीन कार्बनच्या नंतरच, आधी टाकलं तर कार्बन ते क्लोरीन खाण्यातच फुकट जातो, आणि नंतर टाकायलाच हवं कारण कार्बनवर जिवाणू वाढतात. खर्च २ लाख ३० हजार, फ्लॅटमागे साडेनऊ हजारांच्या वर. दोन टाक्या कशाला, एक पुरे, यावर मीटिंग दोन तास चालली. मी हट्टाने धरून ठेवलं, आणि ह्या सगळ्या खटाटोपात माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला वाटतं. कारण कार्बन भरला की तो ओरडत नाही, गढूळ होत नाही, प्रेशर कमी होत नाही, पाणी स्वच्छच दिसतं, फक्त एक दिवस बेन्झीन पलीकडे यायला लागतं. एकच टाकी असेल तर ते थेट तुमच्या बादलीत. दोन असल्या की मधल्या नळाचं पाणी तपासायचं, पहिली टाकी गळायला लागली की दुसरी अजून पकडत असते, तेवढ्यात पहिलीचा कार्बन बदलायचा, आणि व्हॉल्व्ह फिरवून दुसरीला पुढे आणायचं, नवीन भरलेली मागे.

आणि झालंही तसंच. ऑक्टोबरमध्ये चालू केलं. पहिले चार महिने मधल्या नळाला काहीच सापडलं नाही. मार्चच्या सुरुवातीला मधल्या नळाला बेन्झीन ३ आलं, टोल्युइन-झायलीन अजून शून्यच. बेन्झीन कार्बनला सगळ्यात सैल चिकटतं, म्हणून तेच आधी सुटतं. नाकावर विसंबलो असतो तर त्या दिवशी पाणी एकदम उत्तम वाटलं असतं. शेवटच्या नळाला तेव्हाही काही नव्हतं. कार्बन बदलला, सव्वाशे किलो, १९ हजार.

आता तक्रारी, कारण प्लँटला मी पाचपैकी साडेतीनच देते. पहिली म्हणजे सॅम्पलचे नळ प्लॅस्टिकचे आणि त्याला रबरी नळी लावलेली. रबर ही द्रव्यं पिऊन घेतं आणि मग सोडत बसतं, आकडा बिघडतो. भांडून स्टीलचे नळ बसवून घेतले. दुसरी मोठी. त्यांचा ऑपरेटर सॉफ्टनरच्या (पाण्याचा कठीणपणा घालवणाऱ्या यंत्राच्या) सवयीने रोज बॅकवॉश मारत होता. कार्बनमध्ये वरचा थर आधी भरतो, खालचा ताजा असतो, रोज उलटं पाणी मारून ढवळलं की भरलेला आणि ताजा सगळा एक होतो आणि टाकी लवकर गळते. आमची पाच महिन्यांत गळाली त्यात ह्याचा वाटा असणार असं मला वाटतं. आता नियम केलाय, दोन्ही प्रेशर गेजमधला फरक वाढला तरच बॅकवॉश. (गेजही आधी एकच होता.) तिसरी गोष्ट सांगताना अजून संताप होतो. काढलेला कार्बन त्यांचा माणूस पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर ओतायला निघाला होता. आमच्या वॉचमन काकांनी अडवलं म्हणून. जे बेन्झीन एवढे पैसे घालून पाण्यातून काढलं ते परत जमिनीवर, पहिल्या पावसात पुन्हा खाली. दोन आठवडे पोती झाकून शेडमध्ये ठेवली, शेवटी घातक कचरा उचलणाऱ्यांकडे पावती घेऊन दिली. करारात हे आधीच लिहून घ्या.

नवीन कार्बन भरल्यावर पहिले काही तास काळं पाणी येतं ते घाबरण्यासारखं नाही, बारीक चुरा असतो, पण ते गटारात सोडा, टाकीत नको. एक दिवस भिजत ठेवला आणि मग धुतला तर लवकर साफ होतो. सुरुवातीचे थोडे दिवस पीएच वर गेला होता, नंतर आपोआप खाली आला.

स्वयंपाकघरात वेगळा छोटा फिल्टर लावायचा असेल तर एनएसएफ ५३ हा फिल्टरच्या मानकाचा क्रमांक आणि त्याखाली व्हीओसी असं लिहिलेलं बघा. नुसतं कार्बन आहे, चव सुधारते, वास जातो असं लिहिलं असेल तर तो ह्या कामाचा नाही. ५३ च्या व्हीओसी चाचणीत क्लोरोफॉर्म घातलेलं पाणी सोडून बघतात, कारण क्लोरोफॉर्म कार्बनला पकडायला अवघड, ते पकडलं तर बेन्झीनसारखी इतर बरीच पकडली जातात. आणि पाकिटावर जेवढे लिटर लिहिलेत तेवढे झाले की बदला, वास येईपर्यंत थांबू नका.

महिन्याचा खर्च विचारणाऱ्यांसाठी: मधल्या नळाचं सॅम्पल दर महिन्याला, शेवटच्या नळाचं तीन महिन्यांनी. तेवढं सोसायटीला झेपतं. चेअरमन म्हणत होते आता सगळं नीट चाललंय तर टेस्ट दोन महिन्यांनी करू, मी नाही म्हटलंय. या वर्षीचा पाऊस परवाच सुरू झाला, बोअरमधली पातळी चढायला लागेल, आणि गेल्या वर्षी वास आला तो हाच सुमार. पुढच्या सोमवारी सकाळी तो मुलगा सॅम्पलला येतोय, या वेळी कच्च्या, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या पाण्याचंही घ्यायला सांगितलंय. आकडे आले की इथेच खाली टाकते.